टकटक थांबली की पुस्तक पास

चिंच फोडायला दोन दगड लागतात. खालचा रुंद, सपाट आणि वरचा मुठीत मावेल एवढा. वाळलेली चिंच खालच्या दगडावर आडवी धरायची, वरच्यानं बेतानं ठोकायचं, टरफल सुटलं की शिरा ओढायच्या आणि मग चिंचोका बाहेर काढायचा. जोर जास्त झाला तर चिंचोका आतच फुटतो आणि वर्षभर वरणात कचकच लागते. हे सगळं इतकं बयाजवार सांगते आहे, कारण चांगलं पुस्तक कोणतं आणि वाईट कोणतं हे मी या कामातून शिकले. हसू नका. पुढे जन्मभर शाळेत शिकवलं, शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, पुस्तक निवडीच्या बैठकांना बसून बिस्किटं खाल्ली, पण त्या दोन दगडांपेक्षा खरा परीक्षक मला कुठं भेटला नाही.

आमचं घर अकोल्यात. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, आई घरचं सगळं ओढणारी आणि मी त्यांची एकुलती एक, तोंडाची फटकळ पोरगी. परीक्षा संपली की अकोल्यात ऊन असं तापायचं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. मग बाबा मला अमरावतीच्या एस.टी.त बसवून द्यायचे. जसं काही अमरावतीला बर्फच पडतो! तिथंही तेच ऊन आणि तेच तापलेले पत्रे. पण तिथं सुमनआत्या होती. बाबांची मोठी बहीण, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. लग्न तिनं केलं नव्हतं आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती चहा देत नसे.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, वस्तीच्या कडेला, बुद्धविहाराच्या भिंतीला लागून. सकाळी विहारातल्या वंदनेनं जाग यायची. मग रॉकेलचा स्टोव्ह सुरू व्हायचा, आणि तो असा भर्रर्र आवाज करायचा की आत्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. सकाळी कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, दुपारी पिठलं, आणि आत्याची तबियत खुश असली तर सांबारवडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्याची माझी सून अजून या शब्दावर अडखळते आणि वडीत इडलीबरोबरचं सांबार शोधते. संध्याकाळी ऊन उतरलं की आत्या मला गिलावडा खायला न्यायची. दह्यात भिजलेला तो वडा आणि त्यावरची लाल चटणी खाताना आत्या एकदम लहान पोरीसारखी दिसायची, बोटंसुद्धा चाटायची.

विहाराच्या बाजूच्या खोलीत वस्तीचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट, एक बाक आणि आत्या. त्या वर्षी कपाटात नवा कप्पा बसवला होता आणि तो रिकामा होता. त्यात काय ठेवायचं यावरून आत्याची आणि वानखडेकाकांची जुंपली. काका विहार समितीचे अध्यक्ष, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सरळ आणि कडक माणूस. त्यांना परीक्षेची गाईडं हवी होती. आत्याला हव्या होत्या जुन्या नाटकांच्या गोष्टी. नाटकं जशीच्या तशी पोरांच्या हाती देऊन उपयोग नव्हता. ती जुनी भाषा, पानपानभर पदं, पोरं दुसऱ्या पानावर पळून गेली असती. पण त्या नाटकांच्या सोप्या गोष्टी करून छापलेली पुस्तकं मिळत, आणि आत्याला ती आणायची होती.

"राजा-रानीच्या गोठी काहाले पाह्यजे बाई?" काका म्हणाले. "आपले पोट्टे पास झाले पाह्यजे, नवकरीले लागले पाह्यजे. नाटकाचं काय लोनचं घालता?"

"काका, ज्या दारातून तुमच्या बापाले अन् माह्या बापाले हाकललं, त्या दाराच्या अंदर काय चालू होतं, ते तं पोट्ट्याईले कळू द्या," आत्या म्हणाली.

हे आत्याचं नुसतं बोलणं नव्हतं. आबा, म्हणजे आत्याचे आणि बाबांचे वडील, हिवरखेडाकडून अकोल्याला हमालीला आले होते. नाटक कंपनी गावात आली की स्टेशनवरून पेट्या वाहायचं काम त्यांना मिळे. राजाची गादी, राणीचा आरसा, लाकडी तलवारी, सगळं आबांच्या डोक्यावरून मांडवात जायचं. आबा मात्र मांडवात बसू शकत नव्हते. पैसे मोजले असते तरी त्यांना कोणी बसू दिलं नसतं, तो काळच तसा नासका होता. मग आबा कनातीच्या बाहेर, कापडाला पाठ लावून बसायचे आणि नाटक ऐकायचे. अक्षरओळख नव्हती, त्यामुळे बाहेरच्या पाटीवर नाटकाचं नाव काय लिहिलं आहे हेही त्यांना कधी कळलं नाही. पण त्यातलं एक नाटक त्यांच्या डोक्यात असं बसलं की ते त्यांनी आत्याला आणि बाबांना सांगितलं, आणि बाबांनी मला, जेवताना, शंभरदा.

गोष्ट अशी. एका राजानं आपल्या दरवानाला हुकूम दिला की दिवस बुडाला की दरवाजा बंद करायचा आणि उजाडेपर्यंत कोणाला आत घ्यायचं नाही, मी आलो तरी नाही. मग एके दिवशी राजा स्वतःच वेष पालटून गावात गेला आणि त्याला परतायला उशीर झाला. दरवाजा बंद. राजा बाहेरून दार ठोकतो, ओरडतो, धमक्या देतो, शेवटी हात जोडतो. आणि दरवान आतून म्हणतो, "महाराज, तुमी राजे असान, पन तुमचाच शब्द माह्यापाशी ठेवला हाये. थो मी तुमाले कसा मोडू देऊ?" हे वाक्य आबांच्या ढंगात बाबा असं म्हणायचे की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. मग रात्र सरते, कोंबडा आरवतो, दाराची कडी वाजते. आणि इथं गोष्ट थांबायची. कारण इथून पुढे मांडवात कोणी काही बोललंच नाही. आबा कापडाला कान लावून बसले, पण आत फक्त लोकांचं मुसमुसणं ऐकू आलं आणि मग टाळ्या. "मंग काय झालं?" असं विचारलं की आबा म्हणायचे, "मले माईत नाई बाप्पा. अंदर लोक रडले, एवढं आयकू आलं." आबा गेले तरी आमच्या घरातली गोष्ट तिथंच अडकून होती.

तर आत्यानं काकांशी पैज लावली. पुस्तकाच्या दुकानातून दोन संच पसंतीला आणायचे. त्यातला पोरांना जो आवडेल तो विहारात सगळ्यांसमोर वाचायचा, आणि वाचताना पोरांना चिंच फोडायला बसवायचं. "टकटक थांबली तं कप्पा माहा," आत्या म्हणाली. "नाई थांबली तं तुमचे गाईडं आना, मी तोंड उघडनार नाई." ही आत्याची जुनीच रीत होती. पोराला विचारलं, पुस्तक आवडलं का, तर ते मास्तरणीला बरं वाटावं म्हणून हो म्हणतं. पण हात खोटं बोलत नाहीत. गोष्टीत जीव अडकला की दगड वरच्या वर थांबतो. टकटक थांबली की पुस्तक पास.

दोन संचांतला कोणता निवडायचा याची परीक्षा घरी झाली. वाचणारी मी, ऐकणारी वस्तीतली पाच-सहा पोरं. त्यांत शेजारची सहा वर्षांची छबी, जी प्रत्येक वाक्याला "मंग?" म्हणायची. आत्या स्वयंपाकघरात. ती स्वतः पुस्तक आधी वाचायची नाही. "आपुन आधी वाचलं की आपली आवड पोट्ट्याईच्या ताटात वाढतो," असं तिचं म्हणणं. स्टोव्हच्या आवाजात तिला माझे शब्द ऐकू जात नसत, दगडांची टकटक मात्र बरोबर ऐकू जाई.

आता माझं पाप सांगते. पहिल्या संचाची पुस्तकं गुळगुळीत कागदाची, आत रंगीत चित्रं. एका वेष्टनावर हिरव्या शालूतली राणी होती, नाकात नथ, हातात कमळ. असं सुंदर पुस्तक मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसरा संच खाकी पुठ्ठ्याचा, एकसुद्धा चित्र नाही, वाण्याच्या वहीसारखा. मला राणी हवी होती. ती विहाराच्या कपाटात राहावी, सुट्टीत आले की मला पाहायला मिळावी, बस्स. म्हणून खाकी पुस्तकातली सुरुवातीची एक गोष्ट मी पाढे म्हणावेत तशी रडतखडत वाचली. टकटक चालूच राहिली. छबीनं तर दोनदा जांभई दिली.

मग राणीचं पुस्तक उघडलं. तीन गोष्टी वाचल्या, तरी टकटक चालूच.  चित्रं सुंदर, पण भाषा अशी की जणू सरकारी नोटीस, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य. चौथी गोष्ट काढली आणि पाहते तो काय, राजा, बंद दार, बाहेर रात्र. अगंबाई, हे तर आबांचं नाटक! पण पुस्तकात दरवान जवळजवळ नव्हताच. "एका सेवकाने दार उघडण्यास नकार दिला" एवढंच. मी छबीकडं पाहिलं, तिचा दगड ठकठक चालू. आणि मी पुस्तकावर डोळे ठेवून आबांची गोष्ट सांगायला लागले. राजाचा आवाज काढला, कोंबड्यासारखी आरवले, आणि दरवानाचं ते वाक्य बाबांच्या ढंगात म्हटलं. सगळे दगड थांबले. "मंग?" म्हणायचंही छबी विसरली. शेवट मला माहीत नव्हता, म्हणून पुस्तकातलाच वाचला, "सकाळी राजास आत घेण्यात आले." पण तोवर काम झालं होतं.

आत्या पिठानं भरलेल्या हातानं बाहेर आली. "पास!" तिचा चेहरा उजळला होता. "कोनत्या गोठीनं थांबले व? पान दुमडून ठेव. तेच वाचतो विहारात." खरं सांगायचं तर तिथंच सांगायचं. पण मी पान दुमडलं. संध्याकाळी तिनं मला दोन गिलावडे घेऊन दिले. अपराधी मनाला ते गोड लागले नाहीत असं इथं लिहायला हवं, पण खोटं कशाला बोलू, चांगले लागले.

रविवारी विहाराच्या ओसरीत सगळी वस्ती जमली. चिंचेचा ढीग मधे, भोवती पोरं, मागं बाया. वानखडेकाकाही मांडी घालून बसले आणि म्हणाले, "द्या मलेबी एक दगड. रिकामा बसून काय करू?" आत्यानं पुस्तक घेतलं. मला वाटलं होतं, वाचायला मलाच बसवील. पण ती म्हणाली, "आज पैज माही हाये, वाचतो बी मीच."  आत्याचा आवाज चांगला, वाचणं स्वच्छ, पण पुस्तकात नव्हतं ते ती कुठून वाचणार? टकटक, टकटक. "एका सेवकाने दार उघडण्यास नकार दिला." टकटक. आत्यानं एकदा वर पाहिलं. पान उलटून मागं पाहिलं, ओळखीचं काहीतरी सुटलंय असं वाटून. पुन्हा वाचलं. एका पोरानं चिंचोका दुसऱ्याला फेकून मारला. तात्पर्य आलं, गोष्ट संपली, आणि एकाही दगडानं दम घेतला नव्हता.

काका हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते हळूच म्हणाले, "राहू द्या मास्तरीणबाई. मनाले लावून घेऊ नका. गाईडं आनू." आत्या काहीच बोलली नाही. बोलणार नाही असा शब्दच दिला होता तिनं. नुसती पुस्तकाचं पान बोटानं सरळ करत बसली, मी दुमडलेलं ते पान. ते मला पाहवलं नाही.

"आत्या, त्याच्यात नाई ते!" मी उभी राहून ओरडले. "पोट्टे आयकत होते ते त्याच्यात नाईच. म्या मनातून घातलं. आबांचं घातलं. मले रानीचं चित्र पाह्यजे होतं म्हनून." आणि सगळ्या वस्तीसमोर मी भोकाड पसरलं.

आत्या रागावेल, मारील, उद्याच्या एस.टी.त बसवील, हे सगळं मी गृहीत धरलं होतं. पण तिनं फक्त विचारलं, "आबांचं?" आणि मग पिशवीतून खाकी पुस्तक काढून त्याच नाटकाचं नाव शोधत अनुक्रमणिकेवरून बोट फिरवू लागली. एक पान काढलं, चार ओळी पाहिल्या आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "काका, एक डाव अजून देता का?" काका म्हणाले, "द्या की. चिंच तं अजून लय हाये." आत्या मला म्हणाली, "वाच. जसं हाये तसं. एक शब्द पदरचा घातला तं माह्याशी गाठ हाये." मी नाक पुसलं आणि वाचायला लागले.

या पुस्तकात दरवान होता. त्याला नाव होतं, म्हातारी आई होती, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा होता. माझा आवाज रडून बसलेला, मी काही ढंग काढत नव्हते, कोंबड्यासारखी आरवतही नव्हते. राजानं दार ठोकलं, धमकी दिली, हात जोडले. आणि दरवान आतून म्हणाला, "महाराज, आपला आवाज मी ओळखतो. पण आपला शब्दही मीच सांभाळतो आहे. तो मी आपल्यालासुद्धा मोडू देणार नाही." मी वर पाहिलं. आत्यानं पदर तोंडाला लावला होता. आबांनी कापडाच्या पलीकडून, पाठ टेकून ऐकलेलं वाक्य आमच्या घरात इतकी वर्षं शाबूत राहिलं होतं. आणि मग मला कळलं की माझा आवाज सोडला तर विहारात कसलाच आवाज येत नाही.

पण खरं पुढंच होतं. कोंबडा आरवला, कडी वाजली, आणि पुस्तकात लिहिलं होतं, इथून पुढे रंगमंचावर कोणी बोलत नाही. मी थांबले. "मंग?" छबी म्हणाली. मी वाचलं. दरवान दार उघडतो. राजा आत येतो. दरवान गळ्यातल्या किल्ल्या काढून त्याच्या हातात देतो, उंबरा ओलांडतो आणि राजा रात्रभर ज्या पायरीवर बसला होता तिथं जाऊन बसतो. ज्यानं राजाला बाहेर ठेवलं त्यानं आता बाहेरच राहावं, असा त्याचा न्याय. राजा त्याला हातानं आत बोलावतो. तो मान हलवतो. राजा एकदा आतल्या गादीकडं पाहतो, एकदा दाराबाहेर पाहतो. मग डोक्यावरचा मुकुट काढून खाली ठेवतो, बाहेर येतो आणि दरवानाजवळ त्याच पायरीवर बसतो. पडदा पडतो.

 वानखडेकाकांच्या मुठीतला दगड हवेतच होता. त्यांचं त्यांच्याच लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "गाईडाचं पुढच्या साली पाहू."

राणीचा संच मला माझ्याच हातानं बांधून दुकानात परत द्यावा लागला. दुसरी शिक्षा आत्यानं दिली नाही, पण ती पुरेशी होती. परवा नातीला घेऊन अमरावतीत पुस्तकं घ्यायला गेले, तर दुकानदारानं असाच गुळगुळीत, चित्रांचा संच पुढं केला. मी आत उघडून दोन पानं वाचली आणि विचारलं, "यात दरवान बोलतो का हो?" त्या बिचाऱ्यानं पुस्तक उलटून किंमत दाखवली. नात म्हणाली, "आजी, चल ना गं." शेवटी एक साधं, बारीक पुस्तक घेतलं. घरी तिला शेंगा फोडायला बसवलं आणि वाचून दाखवलं. चौथ्या पानावर शेंग तिच्या बोटात तशीच राहिली. मनातल्या मनात मी आत्यासारखीच ओरडले, पास!

त्या रविवारी सगळे घरी गेल्यावर आत्या आणि मी विहाराच्या पायरीवर बसलो. हातांना चिंचेचा आंबट वास येत होता. आत्या कितीतरी वेळ खाकी पुस्तकाचं ते शेवटचं पान पाहत होती. मी म्हटलं, "आत्या, माफ कर ना व." तिनं ऐकलंच नाही बहुतेक. "आबाईले वाटे का सारं नाटक अंदर चालू हाये, अन् आपुन एकटेच बाहीर बसून हावो," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून हसली. डोळे भरलेले होते, पण हसू असं होतं की गिलावडा खातानाही मी कधी पाहिलं नव्हतं. "अन् पाह्य व, शेवटाले राजा आबांपाशीच येऊन बसला!"

मी अकोल्याला परत गेले, त्या दिवशी जेवताना बाबांनी सवयीनं गोष्ट काढली. कडी वाजली आणि ते थांबले. पुढचं मी सांगितलं.